वरची तळी

बनुबाईनं गाठोडं तिसऱ्यांदा सोडलं आणि तिसऱ्यांदा बांधलं. दोन परकर, दोन पोलकी, लाकडी फणी, खोबरेल तेलाची बाटली. नऊ वर्षांच्या पोरीला आणखी काय लागतं? खरं लागायचं ते गाठोड्यात मावणारं नव्हतं. ते पडवीत जमिनीत रोवलेलं होतं, आणि त्याच्यावर गाल टेकून भीमा सकाळपासून बसली होती.

बाहेर मांडवाला आंब्याच्या डहाळ्या बांधणं चाललं होतं. हौसाचं लग्न उद्या. राहुरीकडचं वऱ्हाड सकाळी यायचं होतं. आज संध्याकाळी हळद. घरात माणूस माणसाला धडकत होतं, तरी पडवीच्या त्या कोपऱ्याला वळसा घालून सगळे जात होते, वाटेत साप पडल्यासारखे.

झालं होतं ते सकाळी. पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या. खुंट्याला पिवळं फडकं, आंब्याची पानं, सुपारी बांधली. हौसाची आई साळूबाई, घरातली थोरली सून; तिनं हळकुंडांचा पहिला घास जात्यात घातला आणि खुंटा फिरवला. एक फेरा झाला नाही तोच भीमा कुठून तरी धावत आली आणि जात्यावर पालथी पडली.

"हे आपलं न्हाई! हे आपलं न्हाई! हे आपलं न्हाई!"

सूप लवंडलं. हळकुंडं अंगणभर गेली. साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मग दोघा बाप्यांनी पोरीला उचलून गोठ्यात धरून ठेवलं, आणि ती तिकडं किंचाळत असताना इकडं सवाष्णींनी गाणं म्हणत हळद दळली. गाण्यापेक्षा किंचाळी मोठी होती. अंगणात उतरलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ती ऐकली.

"दोनच्या गाडीनं जाऊ दे तिला केडगावला." दाराबाहेरून काकासाहेबाचा आवाज आला होता. घरातला कर्ता पुरुष, बनुबाईचा थोरला दीर. तो आत आला नाही, तरी तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला. "तिच्या मामाकडं राहील. सुधरली की आनू."

सुधरली की. बनुबाईनं गाठ आवळली.

तिला आठवत होतं. भीमा अडीच वर्षांची होईतो बोलली नव्हती. पहाटे घरातल्या मुक्ताआत्या दळायला बसल्या की ही रांगत जायची आणि भुईला कान लावून निजायची. पीठ केसांत पडायचं, पापण्यांवर पडायचं. ज्या दिवशी बोलली, त्या दिवशी 'आई' म्हणाली नाही. तोंडाचा चंबू करून म्हणाली, "घुर्रर्र." बनुबाई तेव्हा हसली होती, मग आत जाऊन रडली होती.

पाचव्या वर्षी ती गल्लीतून चालता चालता सांगायची, आत कोण दळतंय, ज्वारी का बाजरी, आणि जातं कुणाच्या माहेरचं. दोन वर्षांपूर्वी चावडीमागं इंजिनाची गिरणी आली, पुक्‌ पुक्‌ करायला लागली, आणि बायांनी जाती उकरून दाराशी टाकली. कुणी त्यांच्यावर धुणं आपटलं, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवलं. भीमा मात्र एकेका जात्याची खुशाली विचारत हिंडायची. झिजलेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरबरीत करतात, ती टाकी; आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा एकच रामराम होता, "तुमच्या जात्याला टाकी कवा लावली?" पुंजाराम पाटील वारले, तेव्हा भेटायला गेलेल्या बनुबाईच्या मागून हिनं त्यांच्या विधवेलाही तेच विचारलं. आणि हौसाला पाहायला आलेल्या सोयऱ्याला विचारलं, "तुमचं जातं कंच्या दगडाचं?" सोयरा हसला. काकासाहेब हसला नाही.

या घरात जातं अजून रोवलेलं होतं ते मुक्ताआत्यांमुळं. "गिरनीचं पीठ गरम असतंया, त्याला चव न्हाई," म्हणायच्या. काकासाहेबाच्या बापाची ही बहीण. विसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली, ती इथल्याच खुंट्याला हात घालून बसली. चाळीस वर्षं झाली.

चार दिवसांपूर्वी लग्नघर म्हणून भिमाजी टकाऱ्याकडून त्या जात्याच्या दोन्ही तळ्यांना, खालच्या आणि वरच्या दगडाला, टाकी लावून घेतली, आणि तेव्हापासून भीमानं त्या पिठाची भाकरी तोंडात घातली नव्हती. नुसत्या दुधावर होती. गालाची हाडं वर आली होती.

"गाडी दोनला येती, दीडला निघाया पायजे," बाहेरून बनुबाईचा भाऊ गोरक्षनाथ म्हणाला.

बनुबाईनं गाठोडं चौथ्यांदा सोडलं.

*

मांडवाच्या सावलीत काकासाहेब, गोरक्षनाथ आणि भीमाचा बाप गहिनीनाथ बसले होते. गहिनीनाथ म्हणजे थोरल्या भावापुढं मान वर न करणारा माणूस. हातातली सुतळी तो उगाच पिळत होता.

"आमच्या शेजारी एक जानता हाय," गोरक्षनाथ सांगत होता. "धुरी देतो. असली लई पोरं त्यानं वाटंला लावली."

"द्या म्हनावं धुरी," काकासाहेब म्हणाला. "उद्या पाव्हन्यांदेखत असं झालं तर पोरीचं लगीन मांडवातनं माघारी जाईल. गहिन्या, तू काय म्हनतोस?"

"मी काय म्हननार दादा."

"मंग झालं तर."

"झालं कसं?" मागून आवाज आला. मुक्ताआत्या दारात उभ्या होत्या. पिठानं हात कोपरापर्यंत पांढरे. "काका, सहादेवाला आठव."

काकासाहेबानं तोंड फिरवलं. या घरात सहादेवाचं नाव कुणी काढत नसे.

"आत्या, लग्नाच्या दिशी कुठलं काढताय?"

"त्याला बी असंच पाठवलं हुतं. सुधरंल म्हनून."

"टाकी लावल्यावर जात्याचा आवाज बदलतोच की! हे काय नवीन हाय का? तेवढ्यावरनं पोर उपाशी ऱ्हाती, हळद उधळती…"

"चार दिस म्हनतीया 'आपलं न्हाई'. तुमी इतकी मानसं. एकानं तरी तिला इचारलं का, मंग कुनाचं?"

सुतळी पिळायची थांबली.

आत्या पडवीत गेल्या. गुडघे धरत, हुंकारत भीमाजवळ बसल्या. बाकीचे मागोमाग येऊन दारात थांबले.

"भीमे. हे कुनाचं गं?"

भीमानं मान उचलली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही, ती कधीच पाहत नसे. पण भरून ठेवलेल्या बैलगाडीला बैल तेवढे जुंपायचे राहिले असावेत, तसं तिचं बोलणं बाहेर पडलं.

"मार्थाबाईंचं. खालची तळी आपली हाय. वरची मार्थाबाईंची हाय. मार्थाबाईंची एका फेऱ्यात दोनदा अडखळती, आपली एकदा. वजनानं बी जड हाय. भिमाजीनं चिंचंखाली दोन्ही एका जागी ठेवल्या हुत्या. खुंटं नवीन घातलं, मंग अदलाबदल झाली."

"मंग चार दिस सांगितलं का न्हाई?" गहिनीनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कुनी इचारलंच न्हाई."

दारातल्या साळूबाईच्या हातातली परात खाली आली.

"अगं बया! ख्रिस्ती आळीतला दगड? आनि त्याच्यावर माज्या लेकीची हळद दळली?"

"हळू!" काकासाहेब दातांत बोलला. त्यानं अंगणाकडं पाहिलं. पाहुण्या बाया कुरडया तळत होत्या. "पोरगी कायबी बोलतीया. आनि तुला गं काय ठावं मार्थाबाईचं जातं कसं वाजतं?"

"सोमवारी आनि गुरवारी जाते मी. शाळा सुटल्यावर."

बनुबाईनं डोळे मिटले. एवढं तिलासुद्धा माहीत नव्हतं.

काकासाहेबाचा चेहरा दगड झाला. पोरगी खोटी असेल तर हट्टी होती. खरी असेल तर त्याहून वाईट. मग ही गोष्ट मांडवाबाहेर जायची, आणि राहुरीच्या सोयऱ्यापर्यंत पोचायची. "गोरक्षनाथ, दीड कशाला, आत्ताच निघा. फाट्यावर थांबा."

"मी बघून येते," मुक्ताआत्या म्हणाल्या.

"कुठं? त्या आळीत? लगीनघरातनं?"

"चाळीस वर्सं हात हाय माझा त्या दगडावर. डोळं झाकून वळखीन. तवर पोरीला कुनी गाडीत घालायचं न्हाई." त्यांनी भीमाचं बोट धरलं. "चल."

*

ऊन डोक्यावर होतं. मुक्ताबाई चालत होत्या, आणि भीमा त्यांच्या सावलीत पाय टाकत होती. गावाबाहेरच्या चिंचेखाली टकाऱ्याच्या छिन्नीच्या कपच्या अजून पडल्या होत्या. भिमाजीचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेलं होतं. खालची तळी भुईत रोवलेली म्हणून त्यानं जागेवरच टाकली. वरचीचं खुंट्याचं भोक मोठं झालं होतं, ती इथं आणली. दोन नव्या खुंट्यांची दोन काळी चाकं शेजारी शेजारी. कोण ओळखणार?

ही पोर. आणि असता तर सहादेव.

मुक्ताबाईंचा पाठचा भाऊ. त्याला जगात एकच गोष्ट गोड होती, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. कोसावरून गाडी येत असली तरी सांगायचा, कुणाची बैलं, डावा कोणता, उजवा कोणता, आणि माळेतलं कितवं घुंगरू फुटलंय. बाजारात परक्याच्या बैलाच्या गळ्याशी जाऊन उभा राहायचा, हात लावायचा. चोर समजून लोकांनी दोनदा मारला. मग थोरल्या भावानं त्याला साखर कारखान्यावर लावला. 'मानसांत राहील, सुधरंल.' कारखान्याचा भोंगा वाजला की तो कान दाबून उसात पळायचा, असं कुणीतरी येऊन सांगितलं. दुसऱ्या हंगामात तो उसातून परत आलाच नाही. शोधलं, पण किती शोधलं?

गाडीत चढताना त्यानं विचारलं होतं, "अक्का, तितं बैलं असत्याल ना?" त्यांनी म्हटलं होतं, "असत्याल की." एवढंच. जायचं नाही म्हण, असं त्यांनी म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्या दळणात एक ओवी होती. घरातल्या पुरुषांना ती गाण्यासारखी वाटायची.

*दगडाच्या पोटी, आवाज ग कोंडला*
*माज्या बंधवानं, घुंगरांत त्यो सांडला*

चालता चालता ती आताही त्यांच्या ओठांवर आली. "आत्याआजी, तू जात्यात वैरन घालायच्या आधी ही म्हनती," भीमा म्हणाली. "रोज. आज दळन न्हाई."

"व्हय गं माय. आज दळन न्हाई."

मार्थाबाई दारातच भेटल्या. गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. नवरा नगरला छापखान्यात होता. मुक्ताबाईंना उंबऱ्यात पाहून त्या क्षणभर थबकल्या. मग घोंगडी अंथरली.

"बसता?" त्यांनी विचारलं. विचारण्यात थोडी धार होती.

मुक्ताबाई बसल्या.

"बाई, तुमच्या जात्याचं पीठ कसं येतंया?"

"चार दिवस झाले, फार बारीक. मला वाटलं, भिमाजीनं टाकी चांगली लावली." मार्थाबाईंनी भीमाकडं पाहिलं. ती आत जाऊन जात्याशी बसलीसुद्धा होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले होते. "का? ही काही म्हणाली?"

"ती इथं येती, तुमी कदी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं?"

मुक्ताबाईंनी मान हलवली. नाही.

"शाळेत वर्षभर तोंड उघडलं नाही हिनं. पाटी कोरी. मग एक दिवस मी म्हटलं, भीमा, माझं जातं एका मिनिटाला किती फेरे घेतं, मोजशील? मोजले. पाच मिनिटांत किती, तासात किती? आता तिला गुणाकार येतो, भागाकार येतो, अर्धशेर-पावशेर येतं. लोक म्हणतात, तिला त्या जात्यापासून ओढा. ओढली की ती कुठंच येत नाही, बाई. जात्याच्या वाटेनं गेलं की सगळीकडं येते."

मुक्ताबाईंनी जात्याशी बसलेल्या भीमाकडं पाहिलं. अशी वाट असते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! सहादेवाला घुंगरं मोजायला कुणी लावलं असतं तर.

त्या उठल्या, जात्यापाशी गेल्या. मार्थाबाईंनी मूठभर बाजरी पुढं केली. मुक्ताबाईंनी डोळे मिटले, खुंट्याला हात घातला आणि फिरवलं.

पहिल्याच फेऱ्यात हाताला कळलं. सासरहून आलेली लेक अंधारात दारात उभी राहिली, तरी आई ओळखते, तसं. तोच भार, तीच ओढ, फेऱ्याच्या शेवटाला तोच एक हलका हुंदका. मुक्ताबाईंना हसू आलं, आणि हसता हसता पीठ ओलं झालं.

"आपली," भीमा म्हणाली.

"आपली," त्या म्हणाल्या.

निघताना मार्थाबाई दारापर्यंत आल्या. "माझा दगड चार दिवस तुमच्याकडं पाहुणा होता. नीट वागवलात ना?"

"हळदी-सुपारीनं पुजला बाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमच्याच दगडाचा मान झाला."

*

दीड वाजून गेला होता. गोरक्षनाथ गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता, आणि काकासाहेब अंगणात येरझारा घालत होता. आत्या आल्या तशा त्या त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"पोर खरी हाय."

"हळू बोला आत्या."

"का हळू? चार दिस ती खरं बोलत हुती आनि आपन तिला गोठ्यात दाबून धरली. आता खरं कळल्यावर बी पाठवनार?"

"आत्या, उद्या मानसं मला काय म्हनत्याल…"

"सहादेव गेला तवा मानसं काय म्हनली? काय बी न्हाई. मानसं इसरली. मी इसरले न्हाई. तू इसरलास का?"

काकासाहेब उत्तर देणार होता. पण समोर भीमा उभी होती, मान एका बाजूला कलती, कुणाकडं न पाहता काहीतरी ऐकत. आणि त्याला एकदम दुसरी एक कलती मान आठवली. तो सहा वर्षांचा, सहादेवनानाच्या खांद्यावर. नदीकडच्या रस्त्यावर धुरळा. 'गप, बाळ, ऐक. दोन गाड्या हायत. मागली आपली.' आणि खरोखरच मागली आपली असायची. त्या खांद्यावरून जग किती उंच दिसायचं! पुढं पोरांच्या घोळक्यात 'येडा नाना' म्हणून ओरडणाराही तोच होता. नाना कारखान्याला निघाला त्या सकाळी तो विटीदांडू खेळत होता. गाडीच्या घुंगरांचा आवाज दूर जाताना ऐकला होता, आणि वर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पडवीतून दगड घासल्याचा आवाज आला. गहिनीनाथ आत होता. त्यानं खुंट्याचं पिवळं फडकं सोडलं, वरची तळी उचलली, गुडघ्यावर घेतली, मग खांद्यावर. वजनानं त्याची मान तिरपी झाली होती, पण पाहत तो सरळ थोरल्या भावाकडं होता.

"दादा, ह्यो त्यांचा त्यांना देऊन आपला आनतो. भर गावातनं आननार. कुनी इचारलं तर सांगीन, माज्या लेकीनं वळखला."

मांडवातल्या बाया कुरडया सोडून बघत होत्या. साळूबाई दारात तोंडाला पदर लावून.

काकासाहेबानं घसा साफ केला. गोरक्षनाथाच्या मांडीवरचं गाठोडं त्यानं उचललं, क्षणभर हातात तोललं आणि दारातल्या बनुबाईच्या दिशेनं धरलं. दिरानं भावजयीच्या हातात कधी काही दिलं नव्हतं. तिनंच पुढं होऊन घेतलं.

"पाव्हनं, लगीन उरकून जा," तो गोरक्षनाथाला म्हणाला. "एकटंच."

मग गहिनीनाथाला, जरा चढ्या आवाजात, "आरं, चुंबळ तरी घे खांद्यावर. सोलून निघंल."

*

वरची तळी तिसऱ्या प्रहरी घरी आली. साळूबाई कुणाशी बोलली नाही, पण सवाष्णी तिनंच परत बोलावल्या, आणि खुंट्याला दुसरं फडकं तिनंच बांधलं. हळकुंडं थोडीच उरली होती. अर्धी वाटी हळद निघाली. ती हौसाला पुरणार नव्हती. संध्याकाळी वाटी मांडवात आली, तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती. सकाळची हळद तिच्यात कुणी कालवली, ते कुणी विचारलं नाही. साळूबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते.

हौसा पाटावर बसली. मांडवात गाणी सुरू झाली. मुक्ताबाई तिकडं गेल्या नाहीत, त्यांच्यासारख्या विधवेनं जायचंही नसे. पडवीत उन्हाचा तिरपा पट्टा होता. उद्याच्या पंगतीची बाजरी सुपात घेऊन त्या जात्याशी बसल्या. समोर भीमा, पाय पसरून, तळहात भुईला टेकलेले. शेजारी बनुबाई सोडलेलं गाठोडं घेऊन बसली होती. एकेक परकर झटकून घडी घालत होती. भीमानं नुकत्याच दळलेल्या पिठाच्या भाकरीचा तुकडा एका हातात धरला होता आणि फेऱ्याच्या तालावर चावत होती.

मुक्ताबाईंनी नवी ओवी जुळवली. सहादेवाची होती, ती आज बाजूला ठेवली.

*खालची ती माय, वरची तिची लेक*
*फिरता फिरता दोघींची, हाक झाली एक*

बनुबाईचा हात घडीवर थांबला.

"तुला सांगू का बनू," मुक्ताबाई दळता दळता म्हणाल्या, "चार दिस खुंटा ओढता ओढंना. रडू यायचं मला. वाटलं, संपलं आता, हात म्हातारा झाला. कुनाला बोलले न्हाई. म्हातारीला दळाया येईना झालं, म्हनलं, की गिरनीवर धाडत्याल समदं, आनि मला बसवत्याल कोपऱ्यात. आनि आता बघ की, कसा पळतोय! हात म्हातारा न्हवता. दगड परका हुता."

"हात म्हातारा हाय," भीमा म्हणाली. भाकरी गिळून मग पुढं म्हणाली, "आधी तू एका मापाला दीडशे फेरं घ्यायची. आता एकशेवीस घेती. मंग दम खाती. पन दगड आपला हाय, आत्याआजी."

बनुबाईनं दचकून तोंडावर हात ठेवला.

मुक्ताबाईंचा हात थांबला. मग त्या हसू लागल्या, डोळे पुसावे लागेपर्यंत. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताचे फेरे कुणी मोजले नव्हते.

"ये मंग हिकडं," त्या सरकून जागा करत म्हणाल्या. "उरलेलं तीस तू घाल."

भीमानं खुंट्याला हात घातला. त्या बोटांशेजारी सुरकुतलेली बोटं आली. दोघी मिळून फिरवू लागल्या, आणि बारीक, थंड पीठ भुईवर गोल उतरू लागलं.